आजारी फौजी आणि घरच्यांचा हक्क

कोकणात, सातारा-कोल्हापूरकडे आणि मराठवाड्यात अनेक मुस्लिम घरांच्या भिंतीवर फौजी वर्दीतला फोटो असतो. शिपाई, नाईक किंवा हवालदार चाळिशीच्या आसपास निवृत्त होऊन गावी येतो. काही वर्षांनी हृदयविकार जोर धरतो, मूत्रपिंडे साथ सोडतात किंवा जुनी दुखापत माणसाला अंथरुणाला खिळवते. मग त्यांची बीवी आणि मुले कागदांची पिशवी घेऊन फिरू लागतात. अशा वेळी नातेवाइकांकडून दोन गोष्टी ऐकू येतात: ‘एकदा नाही म्हटले म्हणजे संपले’ आणि ‘सबर करा, मागत कशाला फिरता?’ आम्हाला या दोन्ही गोष्टी मान्य नाहीत.

हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतीत ‘दीवान’ नावाची नोंदवही सुरू झाली. सैनिकांची नावे त्यात लिहिली जात आणि बैतुलमालमधून त्यांना व त्यांच्या बायकामुलांना ठरावीक वार्षिक रक्कम मिळे. कोणी त्याला खैरात म्हटले नाही. आजची डिसेबिलिटी पेन्शनही तशीच सेवेची देणगी नसून सेवेचा मोबदला आहे. ती मागण्यात कमीपणा नाही.

हा दावा ठरतो कसा, ते आधी समजून घेऊ. फौज सोडताना मेडिकल बोर्ड दोन गोष्टी लिहिते: अपंगत्व किती टक्के, आणि आजार सेवेमुळे झाला किंवा सेवेमुळे वाढला का. साधारणपणे टक्केवारी २० किंवा अधिक आणि आजाराचा सेवेशी संबंध, या दोन्ही अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. बहुतेक घरे दुसऱ्या अटीवर अडकतात. ‘सेवेशी संबंध नाही’ अशी एक ओळ लिहिलेली असते आणि माणूस गप्प बसतो.

धरमवीर सिंग यांच्या बाबतीत असेच झाले होते. ते १९८५ मध्ये सैन्यात भरती झाले. १९९४ मध्ये फिट्सच्या आजारामुळे २० टक्के अपंगत्व लावून त्यांना घरी पाठवण्यात आले, पण आजाराचा सेवेशी संबंध नाकारला गेला. जुलै २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर माणूस तेव्हा निरोगी होता असे धरले पाहिजे. संबंध नाही असे म्हणायचे असेल, तर ते सिद्ध करण्याची जबाबदारी सैनिकावर नाही. आणि बोर्डाने कारणे दिली पाहिजेत, असे न्यायालयाने सांगितले. एका ओळीचा नकार म्हणजे शेवट नाही, हे यावरून कळावे. मात्र २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम लागू आहेत. म्हणून सेवा कधी सोडली, ती तारीख आधी पाहावी.

पैशांचा हिशेबही ठाऊक असावा. १०० टक्के अपंगत्वाला शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के इतका अपंगत्वाचा भाग मिळतो. टक्केवारी कमी तशी रक्कम कमी. जुन्या नियमांत ५० पेक्षा कमी टक्केवारी ५० धरण्याची सोय आहे. राम अवतार खटल्याच्या २०१४ च्या निकालाने ती पूर्ण सेवा करून निवृत्त झालेल्यांनाही मिळाली. १०० टक्के अपंग सैनिकाला सतत मदतनीस लागतो असे बोर्डाने लिहिले, तर वेगळा भत्ता आहे. आजार पुढे वाढला, तर टक्केवारी पुन्हा तपासण्यासाठी अर्ज करता येतो.

नकार आला, तर सहा महिन्यांत पहिले अपील करावे. तेही फेटाळले, तर पुन्हा सहा महिन्यांत दुसरे. त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे. त्याचे एक खंडपीठ मुंबईत आहे. उशीर झाला म्हणून हक्क मरतोच असे नाही, पण थकबाकी बुडू शकते. तरसेम सिंग खटल्यात २००८ मध्ये न्यायालयाने उशिरा आलेल्या दाव्याची थकबाकी तीन वर्षांपुरती ठेवली होती.

आमच्या घरांत एक अडचण हमखास येते, ती नावांची. निकाहनाम्यात ‘बी’, आधार कार्डावर ‘बानो’, फौजेच्या कागदांत माहेरचे नाव, आणि बँकेत शौहरचे नाव मध्ये घातलेले. मुलांच्या जन्मतारखांचेही तेच. शौहर हयात आणि शुद्धीवर असताना ही दुरुस्ती रेकॉर्ड ऑफिसकडून करून घेणे सोपे. नंतर ते फार कठीण जाते. देण्याघेण्याचे व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम सूरह बकराच्या सर्वांत मोठ्या आयतीत आहे, हे विसरू नये.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाचा हयातीचा दाखला दरवर्षी घरबसल्या मोबाईलवर चेहरा दाखवून देता येतो. तो चुकला की पेन्शन थांबते. ईसीएचएसचे कार्ड असेल आणि तातडीने यादीबाहेरच्या दवाखान्यात न्यावे लागले, तर ४८ तासांच्या आत जवळच्या पॉलिक्लिनिकला कळवावे. नाहीतर बिल अडकते. ज्यांना पेन्शनच नाही, अशा माजी सैनिकांसाठी केंद्रीय सैनिक बोर्डाची गंभीर आजाराची मदत आहे. तो अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून जातो.

आजारी माणूस अल्लाहला प्यारा झाला, तरी दावा तिथेच संपत नाही. मृत्यूपर्यंतची थकबाकी वारसांना मागता येते. मृत्यूचे कारण सेवेशी जोडलेले मान्य झाले, तर नियमांत बसणाऱ्या विधवेला विशेष कुटुंब पेन्शन मिळते: साधारण ३० टक्क्यांऐवजी शेवटच्या वेतनाच्या ६० टक्के. इथे एक गोष्ट आमच्या भगिनींनी लक्षात ठेवावी. इद्दत चार महिने दहा दिवसांची आणि अपिलाची मुदत सहा महिन्यांची. इद्दत संपण्याची वाट पाहिली, तर हातात दीड-पावणेदोन महिनेच उरतात. सही घरात करता येते, कागद मुलगा किंवा भाऊ पोहोचवू शकतो. खरी गरज असेल, तर विधवेला दिवसा बाहेर जाण्याची मुभा हनफी उलेमांनीही दिली आहे.

सबर म्हणजे गप्प बसणे नव्हे. आजाराचे दुःख अल्लाहची मर्जी समजून सोसावे, पण एका ओळीचा नकार ही अल्लाहची मर्जी समजू नये. ज्या घरात माजी सैनिक आहे, त्या घराने या आठवड्यात लोखंडी पेटी उघडावी. डिस्चार्ज बुक, पीपीओ आणि मेडिकल बोर्डाचा कागद सापडतो का ते पाहावे, तिन्हींवरची नावे जुळवावीत आणि प्रती काढून पेटीची किल्ली घरच्या बाईकडेही द्यावी.