बहात्तर मतांचे मरण

नायकाला बोलायला कोणीतरी लागते. बॅटमॅनच्या चित्रकथेत १९४० साली रॉबिन आला, तो त्यासाठीच. सर्कशीत आईबाप गमावलेला डिक ग्रेसन त्या अंधाऱ्या गोष्टीत हसू घेऊन आला. पुढे तो मोठा झाला आणि १९८४ साली ‘नाइटविंग’ हे नाव घेऊन स्वतंत्र झाला.

त्याच्या जागी आलेला जेसन टॉड तापट. अनेक वाचकांना तो रुचेना. १९८८ साली प्रकाशकांनी दोन टेलिफोन क्रमांक छापले. एक त्याला जगवण्याचा, दुसरा मारण्याचा. जगण्याच्या बाजूने ५,२७१ मते पडली, मरणाच्या बाजूने ५,३४३. अवघ्या ७२ मतांनी पोर गेले!

कादंबऱ्यांतून मीही माणसे मारली आहेत. पण तो निर्णय माझा एकट्याचा, त्याचा सलही माझाच. इथे कोणाला सलावे?

१९८९ साली टिम ड्रेक आला तो स्वतःहून. दुःखाने बेभान झालेल्या बॅटमॅनला सावरायला रॉबिन हवाच, हे त्याने ओळखले होते. आजवर नायक पोराला सांभाळत होता. आता पोर नायकाला सांभाळू लागले. साठी उलटल्यावर ही अदलाबदल मला नीट कळते.