भिंतीची ओल सिमेंटने मरत नाही

कोकणात किंवा गोव्यात खाडीकाठचे, बंदरावरचे जुने चिरेबंदी घर दुरुस्तीला काढायचे ठरले की पहिला सल्ला बहुधा एकच मिळतो: जुना चुना खरवडून टाका, वॉटरप्रूफ सिमेंटचा गिलावा करा, ओल कायमची जाईल. शेजारी हेच सांगतो, ठेकेदार हेच सांगतो, रंगाच्या दुकानातही हेच ऐकायला मिळते, आणि सगळे मनापासून सांगत असतात. तरीही हा सल्ला मुळातूनच चुकीचा आहे. तो पाळल्यामुळे होणारे नुकसान वर्षानुवर्षे पावसाच्या आणि खाऱ्या वाऱ्याच्या नावावर खपते, म्हणून चूक कोणाच्या लक्षात येत नाही आणि पुढच्या घरी तोच सल्ला पुन्हा दिला जातो.

भिंतीत काय घडते ते आधी पाहू. जांभ्याचा चिरा खाणीतून काढताना मऊ असतो आणि उघड्यावर राहून टणक होतो. पण टणक झाला तरी त्याची छिद्रे बुजत नाहीत. जुन्या घरांच्या जोत्यात ओल अडवणारा थर नसतो. त्यामुळे जमिनीतले पाणी केशाकर्षणाने भिंतीत चढत राहते. चुन्याचा गिलावा या पाण्याला अडवत नाही, त्याला हवेत उडून जाऊ देतो. जेवढे चढते तेवढे उडते, म्हणून ओल जोत्याच्या वर थोड्या उंचीवर येऊन थांबते. त्या भिंतीवर सिमेंटचा घट्ट गिलावा चढवला की पाणी येण्याचा रस्ता तसाच राहतो, जाण्याचा मात्र बंद होतो. पाणी मग आणखी वर चढते आणि गिलावा जिथे संपतो तिथे किंवा घराच्या आतल्या अंगाला बाहेर पडते. जोत्यालगतचा डाग खिडकीच्या तळापर्यंत पोचला की घरमालकाला वाटते ओल वाढली, आणि उपाय म्हणून सिमेंटही खिडकीपर्यंत नेले जाते. म्हणजे ज्याने ओल वर ढकलली त्याचाच दुसरा हात! यात ओल मोजायचीसुद्धा गरज नसते. डागाची रेघ दरवर्षी कुठे सरकते एवढे पाहिले तरी पुरे.

खाडीकाठी याहून मोठा शत्रू मीठ आहे. हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे 75 टक्क्यांच्या वर गेली की साधे मीठ हवेतले पाणी ओढून विरघळते, खाली आली की पुन्हा त्याचे स्फटिक होतात. पावसाळा संपल्यानंतर किनाऱ्यावरची हवा ही सीमा वारंवार ओलांडते, कधी तर रात्र-दुपारच्या फरकानेही. स्फटिक दगडाच्या छिद्रात धरले तर आतून दाब देतात आणि दगड भुगा होऊन सुटतो. भिंतीला लोणा लागला असे आपण म्हणतो तो हाच प्रकार. चुन्याच्या गिलाव्यात हे स्फटिक पृष्ठभागावर किंवा गिलाव्याच्याच थरात धरतात. गिलावा झडतो, चिरा वाचतो. म्हणजे चुन्याचा गिलावा झडणे हा त्याचा दोष नव्हे, ते त्याचे काम आहे. तो बदलण्यासाठीच असतो. सिमेंटच्या मागे तेच मीठ चिऱ्यात अडकते. दोन-तीन वर्षे भिंत गुळगुळीत दिसते आणि मग मोठा पोपडा निसटतो, चिऱ्याचा दर्शनी भाग सोबत घेऊनच. सांध्यांचेही तसेच. दोन चिऱ्यांमधली दर्ज सिमेंटने भरली की ओल सांध्याऐवजी चिऱ्यातून बाहेर पडू लागते. चिरे खोलगट झिजतात आणि सिमेंटच्या रेघा जाळीसारख्या पुढे उरतात. कोकणातल्या कितीतरी घरांच्या आणि देवळांच्या कुसवांवर हे दृश्य उघड दिसते, तरी गवंड्याला पुन्हा सिमेंटच मागवायला सांगितले जाते, याचा खरोखर संताप येतो.

यावरचा नेहमीचा आक्षेप असा की चुना कच्चा असतो, समुद्रापुढे टिकत नाही. पण सिंधुदुर्ग किल्ल्याच्या उभारणीला 1664 साली सुरुवात झाली. पोर्टलँड सिमेंटचे पेटंट जोसेफ अॅस्पडिनने इंग्लंडमध्ये घेतले ते 1824 साली, आणि भारतात त्याचे व्यापारी उत्पादन पोरबंदरला 1914 च्या सुमारास उभे राहिले. आपले सगळे जलदुर्ग आणि शंभर-दीडशे वर्षे जुनी बहुतेक किनारी घरे त्याआधीची आहेत. शिवाय गिलावा दगडाहून मजबूत असावा ही अपेक्षाच उलटी आहे. जुन्या भिंतीत गिलावा आणि दर्ज दगडाहून मऊ हवी, कारण जे झिजायचे ते तिथे झिजावे आणि सहज बदलता यावे.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: साधा चुना ओलीत धरत नाही. हे खरे आहे. शुद्ध चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घट्ट होतो. सतत भिजणाऱ्या जागी तो कच्चाच राहतो. पण जुने कारागीर हे जाणून होते, म्हणून ते अशा जागी विटांची पूड, म्हणजे सुरखी घालत. रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियसनेही आपल्या ग्रंथाच्या सातव्या भागात ओल येणाऱ्या भिंतीच्या तळाला वाळूऐवजी कुटलेल्या खापरांचा चुना वापरायला सांगितले आहे. व्हेनिसच्या कालव्यांवरच्या घरांनाही शतकानुशतके असाच खापरांच्या पुडीचा गिलावा होत आला. भारतीय मानक आयएस 712 इमारतीच्या चुन्याचे वर्ग पाडते आणि त्यात पाण्यात धरणारा चुना वेगळा दाखवते. तेव्हा प्रश्न चुना की सिमेंट इतका ढोबळ नाही. कोणत्या जागी कोणता चुना, हा आहे. भरतीचे पाणी थेट आदळणारा धक्का आजच्या काळात काँक्रीटने बांधायला हरकत नाही. मुळातच सिमेंटमध्ये बांधलेल्या विसाव्या शतकातल्या बंगल्यालाही चुन्याचा आग्रह धरू नये. चुन्यात उभ्या राहिलेल्या चिऱ्याच्या भिंतीला मात्र सिमेंट लावू नये.

चुन्याला वेळ लागतो आणि जाणता गवंडी मिळणे कठीण आहे, हा तिसरा आक्षेप. तो मान्यच करायला हवा. चुना आधी विरवून मुरवावा लागतो, थर पातळ द्यावे लागतात, प्रत्येक थर सावकाश वाळू द्यावा लागतो, आणि भर पावसात हे काम करता येत नाही. सुरुवातीचा खर्चही जास्त येतो. पण स्वस्त पडलेल्या सिमेंटच्या हिशेबात पोपड्याबरोबर गेलेला चिरा कोणी धरत नाही. तो परत मिळत नाही.

या गैरसमजाचे एक भावंड हल्ली फार वाढले आहे: गिलावा काढून जांभा उघडा ठेवला की घर अस्सल, जुने दिसते. गोव्याची आणि कोकणाची बहुतेक जुनी घरे गिलावा करून चुन्याने रंगवायचीच होती. नागव्या चिऱ्याचा देखावा ही अलीकडची आवड आहे. त्याची किंमत जुन्या गोव्यात मांडवीकाठच्या बॉम जेझुस बॅसिलिकेवर दिसते. 1605 साली पवित्र केलेल्या या चर्चचा बाहेरचा गिलावा 1950 च्या दशकात पोर्तुगीज वास्तुरचनाकार बाल्ताझार द काश्त्रो यांच्या देखरेखीखाली काढला गेला. तेव्हापासून जांभा पावसात उघडा आहे. चिरे झिजत असल्याची चिंता 2020 मध्ये खुद्द बॅसिलिकेच्या रेक्टरांनी जाहीरपणे मांडली. जागतिक वारसा यादीतल्या वास्तूची ही अवस्था असेल, तर आपल्या पडवीच्या भिंतीचे काय होईल ते उघड आहे.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. मंगळुरी कौल म्हणजे सर्वांत जुने छप्पर, हे चूक. बासेल मिशनचा मंगळुरूचा कारखाना 1865 चा, त्याआधी नळीची कौले होती. प्लास्टिक पेंटने भिंत वाचत नाही. चुन्याच्या गिलाव्यावर तो सिमेंटचेच काम करतो. जमिनीला काचेसारख्या टाइल्स बसवल्या की खालची ओल भिंतींकडे वळते. आरसीसी खांब घातले की घर शंभर वर्षे निर्धास्त, हेही नाही: आयएस 456 किनारी हवामान तीव्र वर्गात धरते आणि किमान एम 30 काँक्रीट व 45 मिलिमीटर आच्छादन मागते; ते पाळले नाही तर सळ्या गंजून काँक्रीट फुटते. सीआरझेडमध्ये, म्हणजे किनारा नियमन क्षेत्रात, जुन्या घराला हातच लावता येत नाही, ही समजूतही चुकीची. अधिकृत बांधकामाची आहे त्या जोत्यावर आणि चटईक्षेत्रात दुरुस्ती करता येते, फक्त परवानगी आणि कागद हवेत. आणि शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या मोडून पुन्हा करून घेता येतील असे समजू नका. त्या शिंपल्याला 2001 पासून वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे.

घर दुरुस्तीला काढणार असाल तर क्रम असा ठेवा. आधी पाणी: पागोळ्यांचे पाणी जोत्यापासून दूर काढा, अंगणाची भर चढून जोते बुडाले असेल तर ती उतरवा, भिंतीलगतचा काँक्रीटचा कोबा तोडा. नुसत्या एवढ्यानेही ओल उतरू शकते. पूर्वी मारलेले सिमेंट ठोकल्यावर पोकळ वाजत असेल तिथे खालून सुरुवात करून हळू काढा. चिरा सोबत येऊ लागला तर तिथे थांबा, तेवढे राहू द्या. उघडी झालेली भिंत एक उन्हाळा वाळू द्या, फुललेले मीठ कोरडे असताना ब्रशने झाडा, पाण्याने धुऊ नका. गिलाव्याला हात त्यानंतरच्या पावसाळ्याचा जोर ओसरल्यावर घाला, आणि चुना त्याआधीच विरवून मुरत ठेवा.