घरची शिवण – भाग ५ : जुन्या कपड्याला कात्री लावण्याआधी

जुन्या जीन्सचं काय करायचं, याचं बहुतेक घरांतलं उत्तर ठरलेलं असतं: गुडघ्याच्या वर कापायची आणि हाफ पँट करायची. पण जीन्स झिजते कुठे ते जरा पाहा. मांड्या आतल्या बाजूने एकमेकींवर घासतात तिथे, बसायच्या जागी, खिशांच्या तोंडाशी आणि गुडघ्यांवर. गुडघ्याखालचं कापड बऱ्याचदा नव्यासारखंच राहतं. म्हणजे हाफ पँट करताना आपण विरलेला अर्धा भाग जपून ठेवतो आणि धडधाकट अर्धा केरात टाकतो. थोड्याच दिवसांत ती मांडीत फाटते आणि ‘जुन्याचं काही टिकत नाही’ असा निष्कर्ष निघतो. गेल्या चार भागांत आपण मापं, माया, टाके आणि टिपा पाहिल्या. ते सगळं नवं कापड समोर धरून. आता जुन्या कपड्यांकडे वळताना एक गोष्ट आधी पक्की करायला हवी. नव्या ताग्याची ताकद सगळीकडे सारखी असते आणि त्यावर शिवण एकही नसते. जुन्या कपड्यात दोन्ही बाबी उलट्या असतात: ताकद जागोजागी वेगळी, आणि शिवण बरीचशी आधीच झालेली. विरलेलं कुठे आहे आणि तयार शिवण कुठे आहे, हे दोन प्रश्न आधी सोडवले तर काय शिवायचं याचा निर्णय सोपा होतो, वेळही थोडा लागतो. नमुना आधी निवडून मग त्यासाठी जुना कपडा शोधणं हा उलटा मार्ग आहे, आणि बहुतेक प्रयोग तिथेच फसतात.

झिजेच्या जागा ठरलेल्या असतात, ही काही नवी माहिती नाही. अमेरिकेतल्या रेनो गावचे शिंपी जेकब डेव्हिस यांनी कामगारांच्या पँटच्या खिशांच्या कोपऱ्यांवर तांब्याचे रिव्हेट ठोकले ते याच अनुभवातून, आणि लेव्ही स्ट्रॉस यांच्या जोडीने २० मे १८७३ रोजी त्याचं पेटंट मिळवलं. अख्खी पँट जाड करायची गरज नव्हती; ताण येणाऱ्या मोजक्या जागा सांभाळल्या की काम भागत होतं. हाच नियम घरातल्या प्रत्येक कपड्याला लावता येतो. शर्ट कॉलरच्या घडीवर, कफांच्या कडेला आणि कोपरांवर जातो. पाठ आणि पोटाकडचा भाग शाबूत राहतो. साडी खालच्या काठाशी घासते, म्हणून तर फॉल लावायचा. शिवाय खांद्यावर पिन लागते तिथे आणि कमरेशी खोचतो तिथे ती विरते. रेशमी साडी वर्षानुवर्षं एकाच घडीत कपाटात राहिली, तर नेमकी घडीच्या रेघेवर चिरते. चादर मधोमध पातळ होते, कडा मात्र कोऱ्या राहतात. ओळखायची रीत सोपी आहे. कापड खिडकीसमोर धरायचं. विरलेल्या जागेतून उजेड जास्त येतो. मग दोन्ही अंगठे जवळजवळ ठेवून कापड आधी उभ्या सुतात आणि नंतर आडव्या सुतात ताणायचं. धागे सरकले किंवा बारीक करकर ऐकू आली, तर तो भाग अंगावरच्या कपड्यात घ्यायचा नाही. खडूने त्याभोवती रेघ मारायची आणि उरलेल्या जागेतच माप बसतं का ते पाहायचं.

आपल्याकडच्या जुन्या रीती हाच हिशेब किती चोख करत होत्या, हे दंड घातलेल्या लुगड्यावरून कळतं. नऊवारी लुगडं मध्ये विरलं की तेवढा भाग काढून टाकायचा आणि दोन चांगले तुकडे जोडून त्याला दंड घालायचा. लांबी कमी पडली तर दोन जुन्या लुगड्यांचं मिळून एक करायचं. नेसताना ती शिवण घोळात लपेल अशी बेतायची. याच्याशी काहीही संबंध नसताना ब्रिटनमधल्या घरांनी चादरींच्या बाबतीत असाच मार्ग काढला होता. तिथे १ जून १९४१ पासून १९४९ पर्यंत कपड्यांवर रेशनिंग होतं आणि सरकारने १९४३ मध्ये ‘मेक डू अँड मेंड’ नावाची पुस्तिकाच काढली होती. मधोमध विरलेली चादर लांबीत दोन करायची, कोऱ्या कडा मध्ये आणून जोडायच्या आणि विरलेला भाग बाहेरच्या बाजूंना न्यायचा, ही त्या काळातली घरोघरची युक्ती. आपल्या एकेरी चादरीवर ती आजही चालते. मूळच्या किनारी उसवत नाहीत, म्हणून त्या अर्धा इंच एकमेकींवर ठेवून दोन समांतर टिपा घातल्या की जोड सपाट बसतो आणि पाठीला टोचत नाही. बाहेर गेलेल्या कडा दुमडून शिवायच्या. त्या गादीखाली खोचल्या जातात, त्यांच्यावर ताण नाही. कामाच्या सगळ्या टिपा सरळ रेषेतल्या. दंड काय आणि ही चादर काय, दोन्हींत नवं काही आणलेलं नाही. जिथे ताण आहे तिथे चांगलं कापड आणि जिथे ताण नाही तिथे विरलेलं कापड, एवढी अदलाबदल केली आहे.

ताणाचा हा मुद्दा विसरला की साडीचा ड्रेस फसतो. साडी नेसली जाते तेव्हा कापडाचं वजन आणि ओढ सगळ्या घेरात वाटली जाते, एखाद्या शिवणीवर ती एकवटत नाही. त्याच कापडाचं अंगासरसं ब्लाउज किंवा कुर्ता शिवला की हात वर केल्याबरोबर सगळी ओढ मुंढ्यावर आणि पाठीवर येते. म्हणून साडी म्हणून ठीक वाटणारं रेशीम कुर्ता होताच बगलेत फाटतं. त्यात शिंप्याचा दोष नसतो. अशा साडीचं ढगळ काही करावं, किंवा आतून सुती अस्तर लावून ओढ अस्तरावर न्यावी, नाहीतर पदर आणि काठ वापरून ओढणी करावी, जिच्यावर ताण येतच नाही. आणि कापड इतकं विरलं असेल की दोन अंगठ्यांची परीक्षाही पास होत नाही, तर गोधडी आहेच. गोधडीत एकेका थराने काहीच पेलायचं नसतं. विरलेल्या साड्यांचे अनेक थर एकावर एक घालून, वरच्या अंगाला त्यातल्या त्यात धड कापड ठेवून, कडेने सुरू होऊन आत आत जाणाऱ्या धावदोऱ्याच्या ओळींनी ते बांधले जातात. एखादा धागा तुटला तरी शेजारचे शेकडो टाके ओढ वाटून घेतात. ज्या कापडाची एकही शिवण टिकणार नाही, ते कापड अनेक वर्षं अंगावर घेण्याजोगं होतं ते या रचनेमुळे.

आता दुसरा प्रश्न, तयार शिवणीचा. शिवणकामात वेळ खाणारी कामं कोणती? काजं करणं, चेन लावणं, बटणपट्टी बसवणं, कडा दुमडणं. सरळ टीप घालायला मिनिटं लागतात, या कामांना तास जातात. जुन्या कपड्यात ती सगळी कोणीतरी आधीच करून ठेवलेली असतात. कॉलर विरलेल्या शर्टाचा चौदा इंची उशीचा अभ्रा हे याचं चांगलं उदाहरण. शर्टाला इस्त्री करून सगळी बटणं लावायची. बगलेच्या रेषेपासून खाली पुढची आणि मागची बाजू एकत्र धरून पंधरा इंची चौकोन कापायचा. चारही बाजूंना अर्धा इंच माया त्यात आली. कापताना एक काळजी घ्यायची: वरच्या आणि खालच्या कडेच्या मायेत बटण येता कामा नये, नाहीतर सुई त्यावर आदळून तुटते. गरज पडल्यास चौकोन इंचभर वरखाली सरकवायचा. मग दोन्ही तुकडे सुलट बाजू आत, उलट बाजू बाहेर असे ठेवून चारही कडांनी टीप घालायची. बटणपट्टी जाड असते, तिच्यावरून हाताने चाक फिरवत दोनदा जायचं. बटणं उघडून अभ्रा उलटवला की झाला. काज एकही केलं नाही, चेन लावली नाही. जीन्सचा जो भाग आपण फेकणार होतो, त्याचंही असंच. गुडघ्याखालचा पाय म्हणजे दोन्ही बाजूंनी शिवलेली नळी, आणि तिचं खालचं तोंड कारखान्यातच दुमडून पक्कं झालेलं. कापलेल्या टोकाला आतून एक टीप घातली आणि कडेला झिगझॅग केलं की पाण्याची बाटली, छत्री किंवा विणकामाच्या सुया मावतील अशी पिशवी तयार होते. टी-शर्टच्या विणीच्या कापडाची कड सुटत नाही, त्यामुळे बाह्या आणि गळा कापून खालचं तोंड शिवलं की भाजीची पिशवी होते. तिथे फक्त टीप झिगझॅग हवी, कारण सरळ टीप कापडाबरोबर ताणली जात नाही आणि तुटते.

जुन्या कापडासाठी मशीनची मांडणीही थोडी बदलावी लागते. पक्कं व्हावं म्हणून बारीक टीप घालण्याचा मोह होतो, पण विरलेल्या कापडात जवळजवळ पाडलेली भोकं टपाल तिकिटाच्या कडेसारखी फाटायची सोय करून देतात. इंचाला आठ ते दहा टाके पुरेत. पातळ सुती कापडाला ११ नंबरची सुई, डेनिमला १६ नंबरची. जुन्या सुती कापडावर सुती दोराच बरा. मजबूत पॉलिएस्टर दोरा स्वतः तुटत नाही, कापड कापतो. शिवण उसवली तर पुन्हा घालता येते, कापड फाटलं तर त्याला इलाज नसतो. जुन्याला नव्याचा जोड द्यायचा असेल, तर नवं अस्तर किंवा पट्टी आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्यावी. जुनं कापड आटायचं तेवढं आटलेलं असतं. नवं मात्र पहिल्या धुण्यात आटतं आणि शेजारच्या जुन्याला ओढून चुण्या पाडतं.

यावर पहिला आक्षेप येतो तो पैशांचा. रस्त्यावर शेदोनशे रुपयांत तयार कपडा मिळत असताना हा उद्योग कशाला? आक्षेप खरा आहे आणि त्याला बगल देऊ नये. दुरुस्त केलेला प्रत्येक कपडा नव्यापेक्षा स्वस्त पडतो, असा दावा करता येत नाही. पण तुलना सारख्याची सारख्याशी व्हावी. स्वस्त तयार मालात पॉलिएस्टर मिसळलेलं कापड पुष्कळ असतं. धुऊन धुऊन मऊ झालेली, खळ गेलेली, रंग सोडायचा तेवढा सोडून झालेली सुती साडी किंवा धोतर यांचा गुण त्यात येत नाही. बाळाचं दुपटं, उशीचा आतला अभ्रा, भांडी पुसायचं फडकं, कुर्त्याचं अस्तर, या कामांना कोरं कापड उलट गैरसोयीचं. ते पाणी नीट शोषत नाही आणि पहिले काही दिवस टोचतं. जिथे जुनेपणा हाच गुण ठरतो, तिथे जुनं वापरावं. जिथे कपड्याला नवी ताकद हवी, उदाहरणार्थ शाळेची पँट किंवा जड सामानाची पिशवी, तिथे नवं घ्यायला संकोच नको.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्या काटकसरीचं कौतुक आपण करतो, ती बहुतेक वेळा घरातल्या बायकांच्या बिनमोबदल्याच्या कष्टांवर उभी होती. दंड आणि गोधड्या दुपारच्या तथाकथित रिकाम्या वेळात झाल्या, आणि त्या वेळेची मोजदाद कोणी केली नाही. हे मान्य करूनच पुढे जायला हवं. म्हणून या लेखमालेत एक मर्यादा पाळू: तासाभरात संपणार नाही ते काम दुरुस्तीत धरायचं नाही, ज्याला ते आवडतं त्याने छंद म्हणून करावं. तयार शिवण वाचवण्याचा आग्रह याच कारणासाठी आहे. आणि विरलेली कॉलर उसवून उलटी बसवणं हे काम, ज्याची कॉलर विरली आहे त्यालाही शिकता येतं; बाजारात शिवणयंत्रावर बसलेले शिंपी बहुतेक पुरुषच असतात, तेव्हा पुरुषांच्या हाताला हे जमत नाही असं कोणी म्हणू नये.

तिसरा आक्षेप असा की जुने कपडे कोणाला देऊन टाकावेत किंवा बोहारणीला घालून भांडं घ्यावं, तेच बरं. धड कपड्याच्या बाबतीत हे अगदी बरोबर आहे. अंगावर घालता येईल असा कपडा कापून त्याची पिशवी करणं ही उधळपट्टीच. पण बोहारीणही कपडा हातात घेते तेव्हा आधी कॉलर, बगल आणि मांडी पाहते, कारण तिला तो पुढे विकायचा असतो. तिने बाजूला टाकलेला कपडा दान म्हणून पुढे करू नये. आपली कात्री चालायची ती नेमकी अशाच कपड्यांवर. यामुळे आणखी एका सवयीला आळा बसतो. हौसेने केलेल्या जीन्सच्या पिशव्या आणि साड्यांचे बटवे कपाटात पडून राहतात, कारण घरात त्यांची गरज नसते. विरलेलं कापड नको असलेल्या वस्तूत बदलून काही वाचत नाही, फक्त पसारा वाढतो.

तेव्हा या आठवड्यात एकच काम करून पाहा. टाकायला काढलेला एक कपडा घ्या आणि कात्री लांब ठेवून तो उजेडात धरा. विरलेल्या जागा खडूने घेरा, तयार कडा, काजं, खिसे आणि नाडीचा नेफा यांच्यावर खूण करा. खडूच्या बाहेर सलग किती कापड उरलं ते इंचात मोजा आणि घरात सध्या कशाची गरज आहे त्याच्याशी ते माप ताडून पाहा. जुळलं तर शिवा, नाही जुळलं तर फडकी करा. पुसायच्या फडक्याला शिवणही लागत नाही. पुढच्या भागात कॉलर उलटवण्याची कृती टप्प्याटप्प्याने पाहू. त्यासाठी घडीवर विरलेला पण खालच्या अंगाने शाबूत असलेला एक शर्ट, उसवणी आणि १४ नंबरची सुई तयार ठेवा.