ताम्हिणीत वॉकी-टॉकी: ऐकीव किती, खरं किती

पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी पिंपरी गावातून अंधारबनात शिरणारे ग्रुप पाहा. लीडरच्या सॅकच्या पट्ट्याला एक वॉकी-टॉकी, सगळ्यात मागून येणाऱ्याकडे दुसरा. मुळशी धरणाच्या मागे मोबाइलचा काही भरवसा नसतो, तेव्हा हे शहाणपणाचंच. अडचण यंत्राची नाही, त्याच्याविषयी सांगोवांगी पसरलेल्या गोष्टींची आहे.

‘टॉवर लागत नाही, म्हणजे कुठेही चालतो’

टॉवर लागत नाही हे खरं. पण या हातातल्या सेटच्या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात आणि डोंगर त्यांना अडवतो. खोक्यावर छापलेले दहा-पंधरा किलोमीटर म्हणजे दोन उंच जागा आणि मध्ये काहीही आडवं नाही, अशा वेळचे. सपाट जमिनीवर उभ्या असलेल्या दोन माणसांना पृथ्वीच्या गोलाईमुळेच दहा किलोमीटरच्या आसपास मर्यादा पडते, आणि तीही कागदावर. अंधारबनाच्या ओल्या गच्च झाडीत, एखादी सोंड मध्ये आली की किलोमीटरभरातही आवाज तुटतो. तैलबैल्याच्या भिंतीच्या दोन बाजूंना उभं राहून बोलून पाहा, म्हणजे कातळ काय करतो ते कळेल. उलट कड्याच्या टोकावर उभा असलेला माणूस खाली कुंडलिकेच्या खोऱ्यात कितीतरी लांब उभ्या असलेल्याशी स्वच्छ बोलू शकतो, कारण मध्ये फक्त हवा असते.

यावर उपाय म्हणून लोक जास्त वॅटचा सेट घेतात. अर्ध्या वॅटऐवजी पाच वॅट, म्हणजे ताकद दहापट. अंतर मात्र मोकळ्या आकाशात फार तर तिप्पट होतं, झाडझाडोऱ्यात दुप्पटही होत नाही, आणि बॅटरी भराभर उतरते. डोंगर मध्ये असेल तर पाच वॅटही तिथेच अडतात. त्यापेक्षा तिसरा सेट असलेला एक माणूस धारेवर थांबवावा आणि त्याने पुढचा निरोप मागे, मागचा पुढे द्यावा. माझ्या मते मोठ्या ग्रुपने दोन महागडे सेट घेण्यापेक्षा तीन साधे घ्यावेत.

‘ऑनलाइन मिळतो, म्हणजे कायदेशीरच असणार’

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. २०१८च्या नियमांनुसार ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्‌झ या चिंचोळ्या पट्ट्यात कमी शक्तीचे सेट विनापरवाना वापरता येतात, तेही त्या मॉडेलला सरकारी मान्यता असेल तर. स्वस्तात मिळणारे, बटणं दाबून हवी ती फ्रीक्वेन्सी लावता येणारे सेट या सवलतीत बसत नाहीत. नकळत पोलिसांच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या कामाच्या संभाषणात घुसायला त्यांच्यावरची दोन चुकीची बटणं पुरतात. हा बाजार इतका बोकाळला की केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२५मध्ये ऑनलाइन विक्रीसाठी खास मार्गदर्शक तत्त्वं काढली. सेट घेताना फ्रीक्वेन्सी आणि मान्यतेचा तपशील विचारा. विक्रेता गुळमुळीत बोलू लागला तर दुसरं दुकान गाठा.

‘मग हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना काढू,’ असं म्हणणारेही भेटतात. जरूर काढा. बारा वर्षं पूर्ण झाली की परीक्षा देता येते आणि छंद सुरेख आहे. पण परवाना त्या एका व्यक्तीचा असतो, ग्रुपचा नव्हे. शिवाय हॅमच्या पट्ट्यांवर धंद्याचं बोलणं चालत नाही, म्हणजे पैसे घेऊन ट्रेक नेणाऱ्यांना तो मार्ग बंदच.

‘प्रायव्हसी कोड लावला, आता कुणी ऐकत नाही’

तो कोड फक्त तुमच्या सेटवर इतरांचे आवाज बंद करतो. तुमचं बोलणं त्या चॅनेलवर असलेल्या कुणालाही ऐकू जातं. कुणाची घरची भानगड किंवा गाडीची किल्ली कुठे ठेवली, हे त्यावर बोलू नये.

‘बटण दाबा आणि बोला’

बटण दाबून सेकंदभर थांबा, मग बोला. नाहीतर पहिला शब्द कापला जातो आणि ‘नका उतरू’चं ‘उतरू’ होतं. एका वेळी एकच बोलणार. दोघांनी एकदम बटण दाबलं तर ती दोघं एकमेकांना ऐकूच शकत नाहीत. आकडे सुटे सांगा. या सेटमधून आवाजातला वरचा, धारदार भाग गाळला जातो. ‘एकोणचाळीस’ आणि ‘एकोणसाठ’ यांत गफलत होते, ‘तीन, नऊ’मध्ये होत नाही. सेट तोंडापासून चार बोटं दूर, अँटेना उभी आणि डोळ्यांपासून लांब. सेट अँटेनाला धरून उचलू नये, आणि अँटेना काढून तर बोलूच नये, आतला भाग जळू शकतो.

वीज, पाऊस आणि सुरुंग

वॉकी-टॉकी वीज ओढून घेतो ही भीती निराधार आहे. धोका सेटचा नाही, गडगडाट होत असताना उघड्या धारेवर उभं राहण्याचा आहे. सेट बंद करूनही तो टळत नाही, खाली उतरावंच लागतं. ‘वॉटरप्रूफ’ या शब्दावरही विसंबू नका. जुलै २०२४मध्ये ताम्हिणीत चोवीस तासांत पाचशे मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला होता. आयपी५४ लिहिलेला सेट शिंतोडे सोसतो, ओढ्यात पडणं नाही. त्यासाठी आयपी६७ हवा, आणि चार्जिंगचं रबरी झाकण नीट बसलेलं हवं.

एक धोका मात्र कुणाच्या गावीही नसतो. मुळशीत दगडखाणी आहेत, रस्त्यांसाठी डोंगर फोडणंही चालू असतं. विजेवर उडणाऱ्या सुरुंगांजवळ रेडिओवरून बोलल्याने स्फोट वेळेआधी होऊ शकतो. तिथे सेट बंद करण्याची पाटी दिसली तर तो खरोखर बंद करा, नुसता आवाज कमी करू नका.

‘अपघात झाला तर कुणीतरी ऐकेलच’

कुणी ऐकत बसलेलं नसतं. पोलीस किंवा बचाव पथक तुमच्या चॅनेलवर नाहीत. रेडिओवरून निरोप धारेवरच्या माणसाकडे जाईल, आणि त्याने मोबाइलची रेंज गाठून ११२ला फोन करायचा. म्हणून तो निरोप त्याला लिहून घ्यायला लावा: जवळचं गाव, वाटेतली खूण, जखमी किती, शुद्धीवर आहेत का, चालू शकतात का. तो उलट वाचून दाखवेपर्यंत सेट खाली ठेवू नका.