आगीला ऑक्सिजन कोण पुरवतं?

2022 च्या मार्चमध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभी असलेली एक इलेक्ट्रिक स्कूटर पेटली. तो व्हिडिओ तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. तेव्हापासून लोक विचारतात, “लिथियमची बॅटरी घ्यावी की नाही?” आता बघा, ‘लिथियम’ हे एका बॅटरीचं नाव नाही, ते आडनाव आहे. आडनाव एक असलं तरी घरातल्या प्रत्येकाचा स्वभाव वेगळा असतो.

आगीला तीन गोष्टी लागतात: जळणारा पदार्थ, उष्णता आणि ऑक्सिजन. सेलमधला द्रव, म्हणजे इलेक्ट्रोलाइट, हा ज्वालाग्राही असतो. उष्णता शॉर्ट सर्किटमुळे, जादा चार्जिंगमुळे किंवा जोराचा मार बसल्यामुळे तयार होते. पण सेल तर बंद डबा. मग आत ऑक्सिजन येतो कुठून?

तो येतो कॅथोडमधून. बऱ्याच गाड्यांमध्ये निकेल, मँगनीज आणि कोबाल्ट यांच्या ऑक्साइडचा कॅथोड असतो. त्याला एनएमसी म्हणतात. त्याची रचना थरांची असते. बॅटरी पूर्ण चार्ज झाली की थरांमधलं बरंचसं लिथियम निघून गेलेलं असतं आणि रचना नाजूक होते. तापमान साधारण 200 अंश सेल्सिअसच्या पुढे गेलं की ती मोडू लागते आणि ऑक्सिजन सुटतो. त्यातून आणखी उष्णता, मग आणखी ऑक्सिजन, आणि पाठोपाठ शेजारचा सेलही पेटतो. यालाच थर्मल रनअवे म्हणतात. म्हणून नुसती हवा तोडून ही आग विझत नाही, भरपूर पाणी मारून ती थंड करावी लागते.

दुसरा प्रकार लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी. 1997 मध्ये जॉन गुडइनफ, अक्षय पाधी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टेक्सास विद्यापीठातून यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. इथे ऑक्सिजन फॉस्फरसला इतका घट्ट बांधलेला असतो की तापवलं तरी तो सहजासहजी सुटत नाही. रनअवे सुरू व्हायला तापमान बरंच जास्त लागतं, आणि झाला तरी त्यातून निघणारी उष्णता कमी असते.

मग सगळेच एलएफपी का वापरत नाहीत? एनएमसी सेलचा व्होल्टेज साधारण 3.6 ते 3.7, एलएफपीचा 3.2. तेवढ्याच अंतरासाठी बॅटरी जड आणि मोठी होते. उलट बाजूने, कोबाल्ट आणि निकेल नसल्यामुळे ती स्वस्त पडते, आणि हजारो वेळा चार्ज करता येते.

पण एक गैरसमज नको. एलएफपी पेटतच नाही, असं नाही. इलेक्ट्रोलाइट तसलाच ज्वालाग्राही असतो. सेल बिघडला तर हायड्रोजनसारखे वायू निघतात, आणि बंद खोलीत ते साठले तर स्फोट होऊ शकतो. म्हणून चांगली रसायनं म्हणजे अर्धंच काम. उरलेलं काम प्रत्येक सेलवर लक्ष ठेवणाऱ्या बीएमएसचं आणि योग्य चार्जरचं. 2022 च्या आगींनंतर आपल्याकडे एआयएस-156 हे मानक कडक केलं गेलं, ते याचसाठी.

तेव्हा शोरूममध्ये “रेंज किती?” याच्या जोडीने “सेल कोणता, एनएमसी की एलएफपी?” हेही विचारा. आणि बॅटरी कोणतीही असो, रात्री ती घराच्या दाराशी किंवा जिन्यात चार्जिंगला लावू नका. आग लागली तर बाहेर पडायची वाट तीच असते.