शेफिल्डची झाडं आणि पंचवीस वर्षांचा करार

शेफिल्ड (इंग्लंड) : पोलादासाठी नाव कमावलेल्या या शहरात रस्त्याकडेला सुमारे ३६,००० झाडं होती, त्यांतली कित्येक शंभरी गाठलेली. फुटपाथवरचं झाड इथे महापालिकेच्या ताब्यात असतं. ते तोडण्यापूर्वी रहिवाशांना विचारायलाच हवं, असा सरसकट कायदा मात्र इंग्लंडमध्ये परवापरवापर्यंत नव्हता.

२०१२ साली महापालिकेने ‘एमी’ या कंपनीशी २५ वर्षांचा, २२० कोटी पौंडांचा करार केला. कंपनीने रस्ते, फुटपाथ, दिवे आणि झाडं सांभाळायची, महापालिकेने वर्षानुवर्षं पैसे मोजायचे. मुळांनी फुटपाथ उचलला किंवा कडेचा दगड सरकवला, तर ते झाड ‘नुकसान करणारं’ ठरे आणि निरोगी असूनही तोडलं जाई. त्या जागी रोप लावलं की हिशेब पुरा. पण रोपाला जुन्या झाडाएवढी सावली द्यायला अर्धशतक लागतं, याची त्या हिशेबात नोंदच नव्हती.

लोक आधी अर्ज-विनंत्या घेऊन गेले. पातळ दगड बसवा, मुळांभोवती लवचीक थर घाला, असे उपाय त्यांनी सुचवले. महापालिकेने स्वतंत्र समिती नेमली खरी, पण झाडं वाचवण्याचे तिचे बहुतेक सल्ले बाजूला सारले. १७ नोव्हेंबर २०१६ रोजी रस्टलिंग्ज रोडवर उजाडण्यापूर्वीच पोलीस आणि करवतवाले आले. गाड्या हलवा म्हणून रहिवाशांना झोपेतून उठवलं. झाडांसाठी उभ्या राहिलेल्या, सत्तरी ओलांडलेल्या दोन महिलांना अटक झाली, तीही १९९२च्या कामगार संघटनांविषयीच्या कायद्याखाली. पुढे खटला मागे घ्यावा लागला. २०१७मध्ये महापालिकेने आंदोलकांविरुद्ध उच्च न्यायालयातून मनाई हुकूम आणला.

चेल्सी रोडवरचा एल्म वृक्ष मात्र वाचला. रोगामुळे ब्रिटनमधले कोट्यवधी एल्म मेले; हा जगला आणि केवळ एल्मवर वाढणाऱ्या एका दुर्मीळ फुलपाखराचं घर झाला. त्याच्यावरही तोडणीची खूण पडली होती.

२०१८मध्ये कराराचा दडवलेला भाग उजेडात आला : १७,५०० झाडं बदलण्याचा आकडा त्यात आधीच लिहिलेला होता. त्याच वसंतात तोड थांबली, तोवर पाच हजारांवर झाडं गेली होती. सर मार्क लोकॉक यांच्या चौकशी अहवालाने मार्च २०२३मध्ये स्पष्ट म्हटलं की, महापालिकेने लोकांची आणि न्यायालयाचीही दिशाभूल केली. महापालिकेने जाहीर माफी मागितली. त्याआधी, २०२१च्या सार्वमतात नागरिकांनी मोजक्या नेत्यांच्या हातातली सत्ता काढून समित्यांचा कारभार आणला होता. त्या निकालामागे झाडांविषयीचा रोषही होता.

नोव्हेंबर २०२३पासून इंग्लंडमध्ये रस्त्यावरचं झाड तोडण्यापूर्वी लोकांचं मत घेणं बंधनकारक आहे. अपवाद आहेत, शिवाय मत घेणं म्हणजे संमती घेणं नव्हे. म्हणून हा कायदा मला अपुरा वाटतो. शेफिल्डमधली उरलेली झाडं लोक करवतीपुढे उभे राहिले म्हणून वाचली, पण ती तोडायचं ठरलं होतं ते सही होताना, बंद दाराआड. रस्त्याचा करार सहीपूर्वी नागरिकांसमोर ठेवणं सक्तीचं व्हायला हवं. झाडांचं खरं संरक्षण तिथूनच सुरू होतं.