सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने पेशीच्या पृष्ठफळाचे अनुमान : तांबड्या रक्तपेशीचे उदाहरण

प्रस्तावना :
पेशीचा बाह्य परिसराशी होणारा व्यवहार तिच्या पटलातून चालतो. त्यामुळे पृष्ठफळ ही केवळ भूमितीतील राशी नसून पेशीच्या कार्यक्षमतेशी तिचा निकटचा संबंध आहे. तथापि सूक्ष्मदर्शकातून पृष्ठफळ दिसत नाही. दिसते ती पेशीची द्विमितीय प्रतिमा. प्रतिमेवरून पृष्ठफळ काढताना पेशीचा आकार कसा गृहीत धरला जातो, याला विशेष महत्त्व आहे.

मापन :
प्रथम नेत्रिकेतील मापपट्टीचे अंशांकन स्टेज मायक्रोमीटरच्या साहाय्याने केले जाते. या काचपट्टीवर १ मिलिमीटर लांबीचे १०० समान भाग असतात. म्हणजेच प्रत्येक भाग १० मायक्रोमीटरचा होय. वस्तुभिंग बदलल्यास अंशांकन पुन्हा करावे लागते. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्याने व्यासातील ५ टक्के चुकीमुळे क्षेत्रफळात सुमारे १० टक्के चूक होते.

आकाराचे गृहीतक :
मानवी तांबड्या पेशीचा व्यास सुमारे ७.८ मायक्रोमीटर असतो. त्यावरून प्रतिमेचे क्षेत्रफळ ४८ चौरस मायक्रोमीटर येते. पेशी गोल मानल्यास पृष्ठफळ १९१, तर २ मायक्रोमीटर जाडीची वृत्तचिती मानल्यास १४५ चौरस मायक्रोमीटर येते. प्रत्यक्षात ही पेशी दोन्ही बाजूंनी खोलगट असते. इव्हान्स आणि फंग यांनी १९७२ मध्ये व्यतिकरण सूक्ष्मदर्शकाने पेशीची जाडी ठिकठिकाणी मोजून सरासरी पृष्ठफळ १३५ चौरस मायक्रोमीटर व घनफळ ९४ घन मायक्रोमीटर असल्याचे दाखविले. व्यास तोच असूनही केवळ गृहीतक बदलल्याने उत्तरात किती अंतर पडते, हे यावरून लक्षात येते.

वैद्यकीय महत्त्व :
९४ घन मायक्रोमीटर घनफळाच्या गोलाचे पृष्ठफळ अवघे १०० चौरस मायक्रोमीटर असते. म्हणजेच तांबड्या पेशीजवळ सुमारे ३५ टक्के अधिक पटल असते. या अधिक पटलामुळेच ती स्वतःच्या व्यासाहून अरुंद केशवाहिन्यांतून वाकून पुढे सरकते. हेरेडिटरी स्फेरोसायटोसिस या आनुवंशिक विकारात पटलाचा काही भाग गळून जातो, पेशी गोलसर होते आणि प्लीहेतील अरुंद फटींत अडकून नष्ट होते. त्यातून रक्तक्षय उद्भवतो. रक्तलेपात अशा पेशी लहान, गडद व मध्यभागी फिकटपणा नसलेल्या दिसतात.

समारोप :
या गोलसर पेशीची प्रतिमाही वर्तुळाकारच असते. निरोगी पेशीपासून तिचे वेगळेपण जाडीत असते. म्हणून प्रात्यक्षिकात पृष्ठफळाची नोंद करताना व्यास, जाडी व गृहीत आकार या तिन्ही बाबींचा उल्लेख असावा. त्यांच्या अभावी मिळालेली संख्या कितीही काटेकोर भासली तरी ती दिशाभूल करणारी ठरू शकते.